उरलेला श्वास

तृप्ती एवढं सलग बोलू शकते, हे प्रफुल्ल काळबांडे सरांना लग्नानंतर पंधराव्या वर्षी कळलं, आणि तेही बंद दाराबाहेर उभं राहून.

सर शाळेतून नुकतेच परतले होते. हातातल्या पिशवीतून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी जुडी डोकावत होती. आतल्या खोलीत तृप्ती बोलत होती. त्यांना आधी वाटलं, बहिणीचा फोन असेल. पण बहिणीशी बोलताना मधूनमधून 'हो का' आणि 'अगंबाई' येतं. इथं तसलं काही नव्हतं. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. ती थांबली की पलीकडचाही कुणी बोलत नसे, आणि त्या गप्प राहण्यातूनच तिचं पुढचं वाक्य निघत असे.

"पाहुणे आलेत," सोफ्यावर पाय घेऊन बसलेली सानवी कुजबुजली. तेरा वर्षांच्या मुलीला बापाची फजिती वेळेवर दिसते. "बाबा, पिशवी खाली ठेवा ना. किती वेळ धरून उभे आहात."

पाहुणे म्हणजे सुपारीच्या डब्याएवढं एक यंत्र. विदर्भातल्या गावोगावच्या विहिरी, बोअर आणि टाक्यांमध्ये आता पाणी तपासणारे सेन्सर बसले होते. त्यांचे आकडे एका संस्थेकडे येत. त्यातला कुठला आकडा धोक्याचा आणि कुठला सेन्सरच्या बिघाडाचा, हे घरबसल्या ओळखायचं आणि मग त्या गावात फोन करून लोकांशी नीट बोलायचं, अशी नोकरी होती. मुलाखत पडद्यावरूनच व्हायची. उमेदवार घाबरून वाया जाऊ नयेत म्हणून संस्था मुलाखतीआधी हे सरावाचं यंत्र घरी पाठवायची. त्याचं नाव होतं 'तालीम'.

'पाहुणे' हे नाव तृप्तीचं. "मला प्रश्न विचारायला माणसं आजवर एकदाच आली होती," ती म्हणाली होती, "कांदेपोहे खायला. त्यानंतर हेच."

लग्नाआधी ती यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. मग लग्न झालं, सानवी झाली आणि काम सुटलं. गेल्या वर्षभरात तिनं दोन मुलाखती दिल्या आणि दोन्ही हुकल्या. "तुमच्याबद्दल सांगा," असं विचारल्यावर ती म्हणाली, "मी तृप्ती काळबांडे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, आणि..." आणि ती थांबली. पलीकडची माणसंही थांबली. पुढचं कुणीतरी म्हणेल म्हणून ती वाट पाहत राहिली, कारण घरी नेहमी कुणीतरी म्हणायचं. आता ही तिसरी मुलाखत. यातही गप्प बसले तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं तिनं भाजी चिरता चिरता सांगून टाकलं होतं. तृप्ती एकदा म्हणाली की ते झालंच.

*

यंत्र एवढं काय करतं, हे सरांना पहिल्या दिवशीच समजलं होतं. त्यांनी माहितीपत्रक वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात त्याचा तासच घेतला. जे जे समजेल ते मुलांना वाटून टाकायची त्यांना सवय होती.

"उजवा हात बरगड्यांवर ठेवा," ते म्हणाले. "आता नुसतं 'हो' म्हणा. म्हटलं? आता एका दमात म्हणा, माझ्या मामाच्या गावच्या आंब्याच्या झाडाखाली एक मोठी विहीर आहे. काय फरक जाणवला?"

"दुसऱ्या वेळी छाती जास्त फुगली, सर."

"शाब्बास. म्हणजे वाक्य तोंडातून निघायच्या आधीच ते केवढं असणार हे शरीराला ठाऊक असतं. प्रवासाला जाताना माणूस शिदोरी मोजून बांधतो, तसा आपण श्वास मोजून घे..."

"तो!" वर्ग एका सुरात ओरडला.

अशी अर्धी वाक्यं सोडायची आणि मुलांनी ती पुरी करायची, ही सरांची वीस वर्षांची रीत. वर्ग जागा राहतो.

त्यांनी फळ्यावर नाक आणि छाती काढली. यंत्राचे कान आणि डोळा फार तीक्ष्ण आहेत. माणसानं किती श्वास घेतला, हे ते गळ्याखालच्या हाडाच्या हालचालीवरून ओळखतं. त्यातला किती शब्दांवर खर्च झाला, हे आवाजावरून मोजतं. घेतलेल्यातून खर्चलेला वजा केला की शिल्लक कळते. माणूस गप्प झाला आणि शिल्लक शून्य असेल, तर त्याचं बोलणं संपलं. शिल्लक उरली असेल, तर वाक्य अजून आत आहे. मग यंत्र बोलत नाही, थांबतं.

"यात मन ओळखायची जादू नाही," सर म्हणाले. "ही साधी वजाबाकी आहे."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, आणि आपण बोलत असताना कुणी मध्येच बोललं, तर तो उरलेला श्वास कुठं जातो?"

"नाकावाटे हळूच निघून जा..."

"तो!"

तास छान झाला होता. तेव्हा सरांना त्या यंत्राचं कौतुकच वाटत होतं.

*

आता मात्र ते दाराबाहेर उभे होते आणि आत यंत्रानं विचारलं होतं, "पाणीच का?"

"तशी आवड होती," तृप्ती म्हणाली.

यंत्र गप्प.

"म्हणजे आवड असं नाही," ती म्हणाली. "माझी एक आत्या आहे, सिंधूआत्या. बोरखडीला असते. दिसायला फार छान होती. तिला बघायला पाहुणे यायचे, चहा व्हायचा, आणि मग कुणीतरी बाई म्हणायची, हस ना गं जरा. ती हसली की बैठक उठायची. दात तपकिरी होते तिचे. लहानपणापासून. आमच्या त्या आळीत वाढलेल्या सगळ्यांचेच, मी बाहेर वाढले म्हणून वाचले. लोकांना वाटायचं मिश्री लावते, तंबाखूचं व्यसन आहे. तिनं जन्मात मिश्रीला हात लावला नाही. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड होतं. कॉलेजात गेल्यावर मी पहिल्या सुट्टीत बाटली भरून ते पाणी नेलं आणि तपासलं. आकडा बघून मी प्रयोगशाळेतच रडले. एवढ्याशा आकड्यानं आमच्या आत्याचं लग्न मोडलं होतं. एकदा नाही, दर उन्हाळ्यात."

ती थांबली. सरांना वाटलं, संपलं. त्यांच्या जिभेवर वाक्यही तयार झालं, 'म्हणून तू पाण्याचं काम निवडलंस.' वीस वर्षांची सवय. पण यंत्र काहीच म्हणालं नाही.

"माझ्या लग्नात तर," तृप्ती पुढं म्हणाली, "आमच्या यांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, आत्या, मिश्री सोडा, दातांचं वाटोळं होतं. रागावून नाही. वर्गात सांगतात तसं, समजावून. ती तोंडावर पदर घेऊन हसली. तेव्हापासून आमच्या घरी आली नाही."

सरांना तो प्रसंग आठवत होता. चांगलं बोललो, असंच त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

खरं तर त्यांना लाज वाटायला हवी होती. तीही वाटली, पण मागाहून. आधी आला तो मत्सर. ही गोष्ट या घरात पंधरा वर्षं होती. ते जेवत होते त्या ताटापलीकडं होती, झोपत होते त्या उशीशेजारी होती. आणि ती ऐकायला मिळाली कुणाला? एका डबीला. जिला ना आत्या, ना दात.

*

जेवताना त्यांनी ठरवलं, आपणही विचारायचं. वांग्याच्या भाजीत भाकरी बुडवत ते म्हणाले, "तुझी सिंधूआत्या कशी आहे गं? बरी असेल ना? आता वयानं गुडघे दुखत असतील."

"हो," तृप्ती म्हणाली.

झालं. प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच. त्यांना स्वतःलाही ते ऐकू आलं, पण सुटलेलं वाक्य ताटातून परत तोंडात घेता येत नाही.

सानवीनं यंत्र पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं होतं. पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या, एक निळी आणि एक केशरी. "गंमत बघा," ती म्हणाली. "निळी बाबांची. बाबा, तुमचा श्वास कधी उरतच नाही. सगळा संपवूनच थांबता. आणि आईचा बघा, प्रत्येक वेळी उरलाय. 'हो'च्या मागे केवढा आहे."

"जेवताना बंद कर ते," तृप्ती म्हणाली.

"यंत्राला काय कळतं," सर म्हणाले. "थांबायला अक्कल लागत नाही. दगडही थांबतो."

"पण त्या दगडाला सगळं सांगावंसं वाटतं," सानवी म्हणाली आणि दोघांकडं बघून ताट उचलून आत गेली.

त्यानंतर सरांचे दिवस फार वाईट गेले. संध्याकाळी पाहुण्यांची वेळ झाली की तृप्ती केस नीट करायची, धुतलेली साडी नेसायची. पडद्यावर दिसणार म्हणून नेसत होती, हे उघड होतं. सरांना मात्र ती त्या डबीसाठी नटते असं वाटे. चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं ते आत डोकावत, आणि ती हातानंच 'नंतर' म्हणे. एकदा ती आत मोकळेपणी हसली. काय विनोद झाला असेल याचा विचार करत त्यांनी पाचवीच्या पेपराला दहापैकी बारा गुण दिले.

*

रविवारी सकाळी तृप्ती आणि सानवी बाजारात गेल्या. यंत्र टेबलावर होतं. सरांनी ते उचललं. मागच्या बाजूला एक छोटी चकती होती आणि वर लिहिलं होतं, 'प्रश्नकर्त्याचा स्वभाव'. तीन खुणा होत्या: धीराचा, बेताचा, घाईचा. चकती 'धीराचा'वर होती.

परीक्षेत चिठ्ठी काढणाऱ्या पोरांचे कान लाल होतात, हे सर लांबून ओळखत. आता त्यांचे स्वतःचे कान तापले. पण चकती फिरली ती फिरलीच. 'घाईचा.'

संध्याकाळी ते वर्तमानपत्र घेऊन दाराशी बसले. आतून ऐकू आलं.

"प्रयोगशाळेत असताना मी एकदा पाण्याचा नमुना..."

"म्हणजे तुम्हाला नमुना घेण्याचा अनुभव आहे," यंत्र म्हणालं. "पुढचा प्रश्न."

सरांनी पान उलटलं. बरं वाटलं त्यांना. अगदी थंडगार वाटलं.

"गावातल्या लोकांना समजावताना मला असं वाटतं की..."

"सोप्या भाषेत सांगावं. ठीक. पुढचा प्रश्न."

सोमवारी ती कमी बोलली. मंगळवारी उत्तरं दोन-दोन शब्दांवर आली. बुधवारी आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ती बाहेर आली, कुकर लावला, आणि ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. सरांचा अंदाज होता की पाहुण्यांचा कंटाळा आला की ती त्यांच्याकडे येऊन बोलेल. ती आली नाही. दुसऱ्याच्या ताटातलं काढलं की ते आपल्या ताटात पडेल, असं मत्सर करणाऱ्याला वाटतं. तसं पडत नाही. ते खाली सांडतं.

"आई म्हणते, शनिवारी मुलाखतीला बसेन की नाही माहीत नाही," सानवीनं गुरुवारी सांगितलं.

सरांना जेवण गेलं नाही. चकती परत फिरवायला हवी होती. पण यंत्र आता दिवसा तृप्तीच्या हाताशी आणि रात्री उशाशी असायचं. आणि तोंडानं सांगायचं, तर काय सांगायचं? की मला तुझ्या डबीचा हेवा वाटला?

*

शनिवारी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा सर खोलीत शिरले. यंत्र उचललं, चकतीवर अंगठा ठेवला.

"राहू द्या ते," दारातून आवाज आला.

ती केसांना पंचा गुंडाळून उभी होती. सरांचा अंगठा तिथंच राहिला.

"तृप्ती, मी हे... म्हणजे मागच्या रविवारी..."

"मला माहीत आहे."

"कधी कळलं?"

"दुसऱ्याच वाक्याला. पंधरा वर्षं ज्याच्याबरोबर राहते त्याची रीत ओळखणार नाही का मी?"

"मग परत का नाही फिरवलीस?"

"पहिल्या दिवशी फिरवणार होते. इतका राग आला होता की डबी तुमच्या डोक्यात घालावीशी वाटली." तिनं यंत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि पुसून टेबलावर ठेवलं. "मग म्हटलं, समोर तीन माणसं बसणार. त्यात तुमच्यासारखा एक तरी निघेलच. त्याचाही सराव नको का? डबीसारखं ऐकून घेणारं तिथं कोण असणार आहे?"

"पण तू तर गप्प झाली होतीस."

"गप्प नव्हते. शिकत होते. बाहेर व्हा आता, मला साडी नेसायचीय."

मुलाखत अकराला सुरू झाली. सर बाहेर बसले. वर्तमानपत्र हातात होतं, उलटं. आतून तीन आवाज येत होते, दोन बायकांचे आणि एक जाड, पुरुषाचा. बायका विचारत, तृप्ती सांगत होती, सलग, जसं त्या संध्याकाळी पाहुण्यांना सांगत होती तसं. मग जाड आवाजानं विचारलं, "एखाद्या गावचा फ्लोराइडचा आकडा रात्रीत दुप्पट झाला. काय कराल?"

"आधी गावात फोन करीन आणि विचारीन की..."

"सेन्सर बिघडलाय का. बरोबर. आता पुढे..."

सरांनी डोळे मिटले. हा तर आपणच.

"थांबा सर," तृप्ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझं वाक्य राहिलंय."

बाहेर सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"विचारीन की काल-परवा कुणी नवी बोअर मारली का. खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं, आणि उन्हाळ्यात तेच पाणी जुन्या टाकीत सोडतात. अशा वेळी सेन्सर खरं सांगत असतो. आपणच त्याला बिघडलेला म्हणतो आणि गाव ते पाणी पीत राहतं. म्हणून सेन्सरचं मी शेवटी विचारीन, आधी माणसांचं."

"हं," जाड आवाज म्हणाला. मग जरा वेळानं, "अजून काही राहिलंय का तुमचं?"

"आता नाही, सर. झालं."

सरांना आनंद झाला, अभिमानही वाटला, आणि त्या दोघांच्याही खाली तो जुना मत्सर पुन्हा हलला. त्या जाड आवाजाच्या अनोळखी माणसाला तिनं अर्ध्या तासात सांगितलं, माझं वाक्य राहिलंय. आपल्याला पंधरा वर्षांत एकदाही नाही.

ती बाहेर आल्यावर त्यांनी तेच विचारलं. "मला का नाही म्हणालीस कधी असं?"

तृप्ती सोफ्यावर बसली, खोचलेला पदर सैल केला. "तुम्ही तेही पुरं केलं असतं," ती म्हणाली.

*

नोकरीचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. तिच्याकडे दिलेल्या गावांमध्ये बोरखडी होतं. तृप्तीनं पहिला फोन सिंधूआत्याला लावला.

पडद्यावर आत्याचा चेहरा आला. पांढरे केस, कपाळावर गोंदण, आणि नाकापासून खाली पदर. तृप्ती सांगत गेली, आत्याचे डोळे बारीक होत गेले. ती पदराआड हसत होती.

"आता आमच्या हिरीचं पाणी तूच पाह्यशील म्हण की," आत्या म्हणाली.

"हो आत्या. आणि नवा सेन्सर बसवायला मी स्वतः येणार आहे."

सर मागं उभे होते. त्यांनी हात पुढं केला. "जरा मला दे."

तृप्तीनं त्यांच्याकडे बघितलं आणि फोन दिला. आत्यानं पदर आणखी वर ओढला.

सरांनी ही वाक्यं सकाळपासून जुळवली होती. चार वाक्यं होती, आणि ती अर्धी सोडायची नव्हती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, मोठ्या प्रवासाला निघाल्यासारखा.

"आत्या, लग्नात मी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"मिश्री सोडा म्हनले होते," आत्या घाईघाईनं म्हणाली. "सोडली न, जवाईबापू. त्याच दिवशी सोडली. तुमचा शब्द मी मोडंन का? बरं, या दोघंजण. पोरीलेई आना. ठेवते आता, गाय हंबरून राहिली."

पडदा काळा झाला.

जी मिश्री तिनं कधी लावलीच नव्हती, ती तिनं सोडून दिली होती, जावयाची मान खाली जाऊ नये म्हणून.

सर हातात फोन घेऊन तसेच उभे राहिले. बाकीची वाक्यं आतच होती. त्यांच्यासाठी घेतलेला श्वास छातीत तसाच भरून राहिला होता, आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना, कारण असं आधी कधी झालंच नव्हतं. मग तो नाकावाटे हळूच बाहेर पडला.

आवाज जेमतेम झाला. टेबलावरचं यंत्र बंद होतं. पण तृप्तीनं तो ऐकला.

तिनं काही विचारलं नाही. समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि ते बोलायची वाट पाहत राहिली.